बंपरमागे उतरवलेला इनटेक फिल्टर आणि पावसाचं पाणी: फक्त कापडी कव्हर पुरेल का?

चौथा_गिअर (प्रश्न)

गाडी १५०० सीसी पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची सिलिंडरमधली जागा यांचं प्रमाण) १०.५. मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) काढून कोल्ड एअर इनटेक, म्हणजे बाहेरची थंड हवा ओढणारा पाइप आणि फिल्टर, बसवलेला आहे. ६३ मिमीचा अॅल्युमिनियम पाइप बॅटरीजवळून खाली उतरतो आणि तेल लावलेला कॉटनचा शंकू-फिल्टर बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे आडवा बसतो. पाइप जाण्यासाठी फेंडर लायनरचा (चाकावरच्या प्लास्टिकच्या आतल्या आवरणाचा) एक तुकडा कापलेला आहे. फिल्टरची खालची कड जमिनीपासून २८ सेंमीवर आहे, पाइप जिथे फिल्टरमध्ये शिरतो त्या मानेची खालची कड ३२ सेंमीवर.

पाणी झटकणारं कापडी कव्हर फिल्टरवर चढवलं तर पावसाळा निघेल का? बायपास व्हॉल्व्ह बसवावा का? आणि पाइपच्या खालच्या वळणाला निचऱ्यासाठी भोक पाडलं तर चालेल का?

पाना_१०मिमी

शिंतोडे उडणं आणि फिल्टर बुडणं हे दोन वेगळे धोके आहेत, त्यांचे उपायही वेगळे. कव्हर फक्त पहिल्यासाठी आहे. फिल्टर पाण्यात गेला की कुठलंही कापड कामाचं नाही, कारण इंजिन तेव्हा पाणीच ओढतं.

किती पाणी घातक, याचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करा. एका सिलिंडरचे साधारण ३७५ सीसी. रेशो १०.५ म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३७५ भागिले ९.५, सुमारे ४० मिली. पाणी दाबलं जात नाही. एका सिलिंडरमध्ये ४० मिली गेलं की पिस्टन वर येऊच शकत नाही, बाकीचे तीन सिलिंडर आणि फ्लायव्हील त्याला ढकलत राहतात आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकतो. २० मिली गेलं तरी त्या सिलिंडरचा रेशो २० च्या आसपास पोचतो. डिझेलला तर ही जागा आणखी कमी असते: तेवढ्याच सिलिंडरला १६ चा रेशो धरला तर २५ मिली.

आता उंची. फिल्टर अर्धवट बुडाला तर वरच्या घड्यांतून हवा येत राहते, म्हणून इंजिन व्यवस्थित चालल्यासारखं वाटतं. पण खालच्या घड्यांतून पाणी आत झिरपतं आणि फिल्टरच्या पोटात बाहेरच्याच पातळीला येतं. त्यात भिजलेल्या फिल्टरच्या आत दाब उतरतो. फक्त १ किलोपास्कल दाब कमी झाला तरी पाणी सुमारे १० सेंमी वर चढतं, आणि तुमच्या मानेला ४ च सेंमी पुरे आहेत. तेव्हा ३२ विसरा, २८ हीच तुमची मर्यादा. चालत्या गाडीपुढे पाण्याची लाट उठते, तिच्यासाठी आणखी १० सेंमी सोडा. १८ सेंमीपेक्षा खोल साचलेल्या पाण्यात ही गाडी या मांडणीत घालू नका.

तेलकट_हात

वरच्या हिशेबाशी सहमत. पण रोजच्या पावसात खरा त्रास खड्ड्याचा नसतो, चाकाचा असतो. पुढचं चाक पाणी, चिखल आणि बारीक वाळू थेट त्या कोपऱ्यात फेकतं, आणि तुमचा लायनर नेमका तिथेच कापलेला आहे. कव्हर विकत घेण्याआधी ते भोक बुजवा. नवा लायनर मिळाला तर उत्तम. नाहीतर २ मिमी एबीएस प्लास्टिकचा तुकडा सगळ्या बाजूंनी ३० मिमी जास्त कापून आतून लावा आणि प्लास्टिकच्या पुश क्लिपांनी धरा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर घासत नाही ना, तेही बघा.

मग फिल्टरला आडोसा. आधी जाड पुठ्ठ्याचा साचा करून जागेवर बसवून पाहा, त्यावरून ३ मिमी एबीएस किंवा १.५ मिमी अॅल्युमिनियमची शीट कापा. चाकाकडची बाजू, पुढची बाजू आणि वरचा भाग झाकायचा. खालचा भाग मोकळाच ठेवायचा, नाहीतर तिथे पाण्याचं भांडं तयार होईल. फिल्टर आणि शीट यांच्यात सगळीकडे निदान २५ मिमी अंतर हवं. हवा यायची मोकळी जागा पाइपच्या छेदाच्या दुप्पट तरी ठेवा. ६३ मिमी पाइपचा छेद ३१ चौ. सेंमी, म्हणजे ६० चौ. सेंमीच्या वर. कडांना रबर ट्रिम लावा, नाहीतर थरथरीने शीट फिल्टरची जाळी कापते. बॉडीच्या असलेल्या भोकांतच एम६ बोल्ट आणि नायलॉक नट वापरा.

हे झाल्यावर कव्हर. ते फिल्टरच्या मापाचंच हवं, सैल असेल तर फडफडून घड्यांवर चिकटतं. वरून पाणी टाकून बघा: थेंब मोत्यासारखे घरंगळले तर ठीक, कापड पाणी पिऊ लागलं तर त्याचा लेप गेला, बदला. त्यावर सिलिकॉन स्प्रे मारण्याचा मोह टाळा, सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. प्लास्टिकची पिशवी तर कधीच बांधू नका. ती घड्यांवर ओढली जाऊन हवाच बंद होते.

हवेचा_दाब

बायपास व्हॉल्व्हबद्दल. हा फिल्टर आणि थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यामधल्या पाइपात, फिल्टरपेक्षा बराच वर बसतो. फिल्टर बुडून पाइपात निर्वात वाढला की त्याच्या पडद्या उघडतात आणि वरची हवा आत येते. पूर्ण बुडालेल्या फिल्टरसाठी तो उपयोगी आहे. पण अर्धवट बुडालेल्या फिल्टरमध्ये निर्वात पुरेसा वाढत नाही, पडद्या बंदच राहतात आणि शिंतोडे आत जात राहतात. एअरफ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूला बसवला तर तो उघडल्यावर आलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून सेन्सरच्या आधीच बसवा. टर्बोच्या गाडीत त्याच्या वाटेला जाऊ नका.

माझ्या मते पैसे त्यात घालण्यापेक्षा पावसाळ्यापुरता फिल्टर वर घ्या. बऱ्याच किटमध्ये पाइप दोन तुकड्यांचा असतो. सिलिकॉन जोडावरचा क्लॅम्प सोडून खालचा तुकडा काढायचा आणि फिल्टर वरच्या तुकड्यावर चढवायचा. सेन्सर ज्या तुकड्यात आहे त्याचा आतला व्यास आणि सेन्सरच्या आधीचा सरळ भाग बदलू नका, नाहीतर हवेचं माप चुकतं. बॉनेटखालची हवा गरम असते, आणि दर १० अंशांना हवेची घनता सुमारे ३ टक्के घटते. तेवढी ताकद चार महिने सोडणं मला रास्त वाटतं.

चौथा_गिअर

पाइप दोन तुकड्यांचाच आहे, जोड जमिनीपासून ६५ सेंमीवर. म्हणजे वर घेता येईल. वळणाला ६ मिमीचं भोक?

पाना_१०मिमी

नाही. ते भोक फिल्टरनंतरच्या, स्वच्छ बाजूला येतं. तिथून गाळल्याशिवायची धूळ रोज आत जाईल, आणि पाणी चढलं तर तेच भोक पाण्याचं पहिलं दार ठरेल. शिवाय इंजिन चालू असताना त्यातून निचरा होतच नाही, हवा आत ओढली जाते. निचऱ्याचं भोक नेहमी फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला, एअरबॉक्सच्या तळाशी असतं.

मुसळधार पावसात गाडी चालवून आल्यावर क्लॅम्प सोडून फिल्टर काढा आणि पाइप आतून पांढऱ्या टिश्यूने पुसा. कोरडा आला तर आडोसा काम करतोय. मातकट ओल आली तर वरची एखादी फट राहिलीय.

तेलकट_हात

फिल्टर भिजला तर सावलीत आपोआप वाळू द्या. कॉम्प्रेसरची हवा किंवा हीट गन मारली तर कॉटनचे धागे सुटतात. धुतला असेल तर पूर्ण वाळल्यावरच तेल लावा, तेही बेताचं. जास्तीचं तेल उडून सेन्सरच्या गरम तारेवर बसतं. तार साफ करायची तर एअरफ्लो सेन्सरचाच क्लीनर वापरा, कार्ब्युरेटर क्लीनर नाही.

हवेचा_दाब

पाण्यात इंजिन अचानक बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. गाडी ढकलून बाहेर काढा. फिल्टर काढून पाइपात पाणी दिसलं तर इंजेक्टरचा किंवा फ्युएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढा, चारही स्पार्क प्लग काढा आणि मगच ५ ते १० सेकंद क्रँक करा, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवा. प्लगच्या भोकांतून पाणी जोरात उडतं, तोंड दूर ठेवा. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ मिली इंजिन ऑइल घाला. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं तर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याच्या चाचणीत) एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १०–१५ टक्के कमी दाखवत असेल तर रॉड वाकल्याचा संशय घ्या. वाकलेल्या रॉडवर इंजिन सुरू होतं, चालतंही, आणि पुढे कधीतरी रॉड तुटून ब्लॉक फोडतो.