फिगर स्केटिंग: खेळ की बर्फावरचा नाच?

कुळागरवाला:
कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे फिगर स्केटिंग हा खेळच नव्हे, बर्फावरचा नाच. नॉर्वेच्या स्केटर सोन्या हेनीने तोकडा झगा घातला म्हणून लोक बघायला लागले, आणि आता तर नुसत्या उड्या उरल्यात.

हेनीने 1927 ते 1936 ओळीने दहा जागतिक विजेतेपदं घेतली, वर तीन ऑलिंपिक सुवर्णं. झग्याच्या जोरावर? 1924 च्या ऑलिंपिकात अकरा वर्षांची ही पोर आठ जणींत आठवी आली होती. झगा तेव्हाही तोकडाच होता!

कपड्यांचाच विषय काढायचा तर इंग्लंडच्या स्केटर मॅज सायर्सपासून काढा. 1902, लंडनची जागतिक स्पर्धा. बायकांनी उतरू नये असा नियमच नव्हता, कारण कुणी उतरेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईंनी सरळ नाव दिलं. स्वीडनचा साल्कोव पहिला, ह्या दुसऱ्या. लगेच पुढच्या वर्षी बायकांना बंदी. कारणं काय, तर लांब स्कर्टामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत, आणि एखाद्या परीक्षकाचा जीव स्पर्धक मुलीवर जडलेला असला तर? म्हणजे भाळणार परीक्षक आणि घरी बसणार बाई. 1906 ला बायकांची वेगळी स्पर्धा निघाली, तीही ह्यांनीच जिंकली. 1908 चं ऑलिंपिक सुवर्णही.

खाजेवाला:
पोस्ट माझी आहे, नाव घेऊन बोला की. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन स्केटर जॅक्सन हेन्सला विसरलात वाटतं? अमेरिकेत त्याला कुणी विचारलं नाही, व्हिएन्नाने डोक्यावर घेतलं. कशासाठी? बॅलेच्या चालीवर, संगीतावर बर्फावर नाचला म्हणून. मग मी नाच म्हटलं तर मिरच्या का झोंबल्या? उड्यांचं तर बोलूच नका. 1988 ला कर्ट ब्राउनिंगने स्पर्धेत पहिली चार गिरक्यांची उडी मारली. 2022 ला अमेरिकेच्या मालिनिनने साडेचार गिरक्यांची, समोर तोंड करून उडायची ती, अ‍ॅक्सल मारली. उद्या कुणी पाच मारील. बघणाऱ्याला मोजताही येत नाहीत.

माटोळी:
बाबांनो, तुम्ही दोघांनी कधी पायात स्केट्स घातलेत? माझी लेक म्हापशात चाकांवरचं शिकली. सर सिमेंटवर खडूने वर्तुळं काढायचे आणि एका पायावर, रेघ न सोडता, फिरायला लावायचे. पोटऱ्या थरथरायच्या तिच्या. पावसाळ्यात कोर्टावर शेवाळ आलं की चार महिने सगळं बंद. बर्फावरही पूर्वी अशाच आकृत्या सक्तीच्या होत्या, त्यात नाच कुठे? 1972 ला साप्पोरोत ऑलिंपिकात ऑस्ट्रियाची त्रिक्सी शूबा मुक्त स्केटिंगमध्ये, म्हणजे संगीतावर उड्या-गिरक्यांच्या फेरीत, सातवी आली, तरी आकृत्यांच्या आघाडीवर सुवर्ण घेऊन गेली. मुक्तमध्ये पहिली आलेल्या जॅनेट लिनला कांस्य. टीव्हीवर कुणाला त्या रेघा दिसेनात, शेवटी 1990 नंतर आकृत्या काढूनच टाकल्या. माझ्या मते चूक केली.

फोंड्याचो पात्रांव:
परीक्षकांचं नाव काढलंत, आता ऐका. आमच्या वाड्यावरच्या पोरांनी दिवाळीच्या स्पर्धेसाठी नरकासुराचा पुतळा केला, महिनाभर खपून. लोखंडी सांगाडा, आत सुकं गवत, वर खळ लावून कागदाचे थर. मोटर लावून डोळे फिरत होते, जबडा उघडत होता. परीक्षक आले पहाटे साडेतीनला, गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली, काच वर. पहिलं बक्षीस शेजारच्या वाड्याला, ज्यांच्या नरकासुराचा एक हात गळून पडला होता. का? आयोजकाची सासुरवाडी तिथली!

खाजेवाला:
विषय काय, चाललंय काय!

फोंड्याचो पात्रांव:
विषय तोच. गुण देणारा माणूस असला की तो खेळ नव्हे.

कुळागरवाला:
मग मुष्टियुद्ध, जिम्नॅस्टिक्स सगळंच बाद करा. पात्रांव, 2002 ला सॉल्ट लेक सिटीत तुमच्या नरकासुराचंच झालं. जोड्यांच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षक म्हणाली, माझ्यावर दबाव होता. शेवटी रशियन आणि कॅनेडियन दोन्ही जोड्यांना सुवर्ण द्यावं लागलं. त्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत काढली, एकेका उडीला, गिरकीला वेगळे गुण लावले. खाजेवाले, तुम्हाला खुपतात त्या उड्या इथूनच माजल्या. चांगल्या हेतूने केलेल्या सुधारणेतून.

फोंड्याचो पात्रांव:
दोघांना पहिलं? आम्हाला उत्तेजनार्थसुद्धा नाही.

माटोळी:
आणि फ्रान्सची स्केटर सुर्या बोनाली? 1998, नागानोचं ऑलिंपिक. मागे कोलांटी मारून एका पायावर उतरली. गुण कापणार हे ठाऊक असूनही. ती कोलांटी आता, 2024 पासून, नियमात बसते. सायर्सबाईंसारखंच, आधी बंदी, मग वाट मोकळी.

खाजेवाला:
ठीक आहे बाय, खेळ म्हणा. तुमच्या लेकीच्या पोटऱ्यांसाठी. कुळागरवाल्यांसाठी नव्हे.

कुळागरवाला:
उपकार झाले.

फोंड्याचो पात्रांव:
ते राहू द्या. यंदा आमच्याकडे परीक्षक कोण येणार, कुणाला खबर आहे काय?