रोज मंडल काढते, पण सोळावी पाकळी जुळत नाही

निपाणीची_वाचक
नमस्कार. दिवेलागणीनंतर नामस्मरण करत मंडल, म्हणजे एका मध्याभोवती वर्तुळं आणि पाकळ्यांची आकृती, काढून रंगवते. साहित्य म्हणजे ए-फोर ड्रॉइंग पेपर, शाळेचा कंपास आणि स्केचपेन. सोळा पाकळ्यांत शेवटची कायम लहान येते. मध्याचं भोक मोठं होऊन वर्तुळं सरकतात. रंग रेषेबाहेर फुटतो. शिवाय रंग आतून बाहेर भरायचा की बाहेरून आत? छापील मंडलांचं पुस्तक रंगवलं तर साधना म्हणून चालतं का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा की ओ.

भूमिती_बेळगाव
ताई, तुम्ही कंपासात एक अंतर धरून परिघावर सोळा पावलं टाकत असणार. 9 सेंमी त्रिज्येला ते अंतर 3.51 सेंमी येतं. दर पावलाला अर्धा मिमी चुकलं तरी शेवटी 8 मिमीचा फरक साचतो, आणि तो सगळा एकट्या सोळाव्या पाकळीवर येऊन पडतो. म्हणून मोजू नका, दुभागत जा.

मध्यातून आडवा व्यास काढा. त्याच्या दोन्ही टोकांवरून कंपास 12 सेंमी उघडून वर-खाली चाप मारा. चाप छेदतात ते दोन बिंदू जोडले की उभा व्यास मिळतो आणि चार भाग होतात. मग शेजारच्या दोन टोकांवरून तसेच चाप मारून प्रत्येक पाव भाग दुभागा, रेषा मध्यातून पलीकडच्या परिघापर्यंत न्या. चाराचे आठ, आठाचे सोळा. यात चूक साचत नाही, जिथली तिथेच राहते. आठ भाग झाले की थांबा आणि समोरासमोरचे बिंदू व मध्य एका रेषेत आहेत का ते पट्टी लावून बघा. नसतील तर खोडा. पुढे रंगाने ते झाकलं जात नाही.

बारा पाकळ्या हव्या असतील तर वर्तुळाच्याच त्रिज्येइतका कंपास उघडा. सहा पावलांत परीघ बरोबर पुरा होतो, मग प्रत्येक भाग दुभागा.

मध्यावर आधी सेलोटेपचे दोन थर चिकटवा, कागदाखाली जाड पुठ्ठा ठेवा. लहान वर्तुळं आधी, मोठी नंतर. अर्ध्या मिमीचं सरकणं 1 सेंमीच्या वर्तुळात लगेच डोळ्यात भरतं, 9 सेंमीच्या वर्तुळात कळतही नाही. कंपास फिरवताना वरची मूठ धरा, पाय धरले की त्रिज्या बदलते.

रंगपेटी_खानापूर
स्केचपेनची शाई पाण्याची. आपल्याकडे पावसाळ्यात कागद सादळतो, मग ती फुटणारच. कागद जाड, 200 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचा) घ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. रेषा 0.3 मिमीच्या वॉटरप्रूफ पेनने काढा, दहा मिनिटं वाळू द्या आणि मगच पेन्सिल खोडा.

रंगाला साध्या रंगीत पेन्सिली उत्तम. पाकळीच्या कडेच्या आत केसभर जागा सोडून आधी बारीक टोकाने कड फिरवा, मग पोट भरा. पहिला हात इतका हलका की कागदाचे दाणे दिसले पाहिजेत. दुसरा हात देठाकडून अर्ध्यापर्यंत, तिसरा फक्त देठाशी. पहिल्याच हाताला जोर दिला तर कागद गुळगुळीत होतो आणि वरचा रंग धरत नाही. मनगट वाकडं करण्यापेक्षा कागद फिरवा. तळहाताखाली कोरा कागद ठेवा.

सदलगा_साधक
क्रमाबद्दल. श्रीयंत्रात, म्हणजे देवीच्या उपासनेतल्या त्रिकोणांच्या आकृतीत, दोन्ही क्रम मानले आहेत : मधल्या बिंदूकडून बाहेर तो सृष्टिक्रम, बाहेरून बिंदूकडे तो संहारक्रम. दिवसभराचं मन आवरायला संध्याकाळी बाहेरून आत येणं मला योग्य वाटतं. मात्र एकदा धरलेला क्रम मध्येच बदलू नका, आणि एक वलय पुरं झाल्याशिवाय पुढच्या वलयात शिरू नका.

नामासाठी एक आखणी : मध्याचं वर्तुळ 1.8 सेंमी त्रिज्येचं, त्याभोवती 8 मिमीची नऊ वलयं, म्हणजे बाहेरची त्रिज्या बरोबर 9 सेंमी. बारा भाग केले की 108 घरं. एका घराला एक नाम, एक माळ पुरी. घाई झाली की घर लगेच सांगतं, रंग कडेबाहेर जातो.

छापील पुस्तक चालतं, पण आखणीतली एकाग्रता त्यात मिळत नाही. निदान आठवड्यातून एकदा तरी स्वतः आखा. श्रीयंत्राने मात्र सुरुवात नको. नऊ त्रिकोण एकमेकांत असे गुंतलेले आहेत की एक रेषा हलली तर तीन रेषा एकत्र येण्याच्या मर्मस्थानी भलतीच लहान त्रिकोणं उमटतात.

आपल्या भागातल्या जैन समाजात अष्टाह्निकेत (आठ दिवसांच्या पर्वात) सिद्धचक्र विधान, म्हणजे मंडल मांडून केलेली पूजा होते, ती जरूर बघा. आठ पूजांची अर्घ्यं 8, 16, 32 अशी दुपटीने 1024 पर्यंत जातात, एकूण 2040. वर भूमितीवाल्यांनी सांगितलेलं दुभागणं इथे थेट पूजेतच आहे.

निपाणीची_वाचक
फार उपयोग झाला. बारा भाग, नऊ वलयं अशी आखणी करून बघते. पूर्ण झालेल्या कागदांचं काय करावं?

सदलगा_साधक
कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी मठांच्या परंपरेत वाळूचं मंडल पुरं झालं की झाडून गोळा करतात आणि वाहत्या पाण्यात सोडतात. कागद नदीत नको. नाम मनातच घ्या, आखणीच्या घरांत अक्षरं लिहू नका, म्हणजे विसर्जनाचा प्रश्नच उरत नाही. मागे तारीख घालून फाईलला लावा. महिन्याने पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवलात की कुठल्या वलयात हात घाई करतो ते दिसेल. पुढच्या महिन्यात त्याच वलयाला जास्त वेळ द्या.