ग्वाकामोलीतून बिलिंगचा पीसी उघडेना, शेठजींचा मात्र उघडतोय

हिशेबताई_सोलापूर
नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, मी तिथलं अकाउंट्स बघते आणि सासूबाईंचं ऑपरेशन झाल्यापासून जुळे सोलापुरातल्या घरूनच काम करतेय. ऑफिसच्या एका जुन्या पीसीवर उबुंटू टाकून अपाची ग्वाकामोली बसवलंय, म्हणजे घरी क्रोम उघडायचा, लॉगिन करायचं, लिस्टमधल्या बिलिंगवर क्लिक केलं की टॅली समोर. रविवारी लाइट दोन-तीनदा गेली आली आणि सोमवारपासून लॉगिन होतंय, लिस्ट दिसतीये पण बिलिंगवर क्लिक केलं की लगेच रिमोट डेस्कटॉप सर्व्हर अनरीचेबल. शेठजींचा पीसी त्याच लिस्टमधून मस्त उघडतो. ऑफिसातल्या मुलाला बघायला सांगितलं, पीसी चालू आहे, पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) पण उत्तर येतंय. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचाय, जीव टांगणीला लागलाय. ग्वाकामोली परत इन्स्टॉल करू का?

लिनक्सवाला_पंढरपूर
ताई, अजिबात करू नका. शेठजींचा पीसी उघडतोय म्हणजे ब्राउझर, ग्वाकामोलीचं पान दाखवणारं टॉमकॅट, ४८२२ पोर्टवर बसून पुढच्या पीसींना जोडणी करणारं ग्वाकडी हे सगळं ठणठणीत आहे, घोळ आहे तो ग्वाकडी ते बिलिंग पीसी एवढ्याच टप्प्यात. घरून तपासत बसू नका, तपासायचं ते उबुंटूच्या मशीनवरूनच, कारण शेवटी विंडोजला जोडणी तीच करते. त्या मुलाला तिथं बसवा आणि नेटकॅट या कमांडनं बिलिंगच्या आयपीवर (नेटवर्कमधल्या पत्त्यावर) रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट लागतोय का बघायला सांगा. टाइमआउट आलं तर पीसी बंद, झोपलेला नाहीतर फायरवॉल आडवी. रिफ्यूज्ड आलं तर त्या आयपीवर कोणीतरी जिवंत आहे पण ३३८९ वर कोणी ऐकत नाही. नुसत्या पिंगवर विसंबू नका, पिंग कोण देतंय ते कुठं कळतं.

हिशेबताई_सोलापूर
दादा, रिफ्यूज्ड आलं. पण बिलिंगच्या सेटिंगमध्ये रिमोट डेस्कटॉप ऑन आहे, विंडोज पण प्रो आहे, म्हणजे रिमोट डेस्कटॉप चालणारं.

नेटवर्क_पार्कचौक
मग पिंगला उत्तर देणारा तुमचा पीसीच नाही असं वाटतंय. लाइट गेली तेव्हा राउटरही बंद पडला असणार, परत चालू झाल्यावर त्यानं आयपी नव्यानं वाटले असतील आणि तुमच्या कनेक्शनमध्ये जुनाच आयपी लिहिलेला. बिलिंगवर आयपीकॉन्फिग ही कमांड मारून त्याचा आत्ताचा आयपी बघा. आपल्याकडं लाइटचा असा खेळ झाला की हा प्रकार मी किती ठिकाणी बघितलाय.

हिशेबताई_सोलापूर
अहो बरोब्बर निघालं! कनेक्शनमध्ये शेवटी १५ आहे, पीसीला मिळालाय २३, आणि १५ वर आमचा बारकोड लेबलचा प्रिंटर बसलाय, पिंगला तोच उत्तर देत होता!! मी २३ टाकून नवीन कनेक्शन बनवलं तर परत एरर, पण आता लॉगमध्ये एसएसएल टीएलएस कनेक्शन फेल्ड, अनट्रस्टेड किंवा सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट असं काहीतरी दिसतंय.

लिनक्सवाला_पंढरपूर
म्हणजे पोहोचलात, आता फक्त ओळखपत्राचं भांडण उरलं. विंडोज स्वतःचं सर्टिफिकेट स्वतःच सही करून देतं, ग्वाकामोलीला ते पटत नाही. जुन्या कनेक्शनला इग्नोर सर्व्हर सर्टिफिकेटवर टिक असणार, नवीन बनवताना ती राहिली. टिक करा, सिक्युरिटी मोड एनएलए (आधी लॉगिन तपासून मगच डेस्कटॉप उघडणारा) ठेवा आणि युजरनेम-पासवर्ड त्याच कनेक्शनमध्ये भरा. पासवर्ड म्हणजे खरा पासवर्ड, विंडोज उघडताना टाकतो तो पिन इथं चालत नाही. ही टिक ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरती ठीक आहे, बाहेरच्या मशीनला असं डोळे झाकून मान्य करायचं नाही.

नेटवर्क_पार्कचौक
आणि राउटरमध्ये बिलिंगच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या नंबराला) २३ हा आयपी कायमचा बांधून टाका, डीएचसीपी रिझर्व्हेशन नावाचा पर्याय असतो, नाहीतर पुढची लाइट गेली की परत इथंच भेटू. अजून एक हात जोडून सांगतो, कोणी म्हणालं की मध्ये ग्वाकामोलीची कटकट कशाला, ३३८९ सरळ इंटरनेटवर उघडा, तर ऐकू नका. उघडा ३३८९ शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र पासवर्ड ठोकत असतात, आणि त्या पीसीत तुमचा सगळा टॅलीचा डेटा आहे.

हिशेबताई_सोलापूर
उघडलं!!! टॅली समोर आहे, बिलं टाकायला घेतलीयेत. आयपी पण बांधला, प्रिंटरचा सुद्धा बांधायला सांगितलाय. दोघांचे खूप आभार, कधी एमआयडीसीकडं आलात तर चहाला नक्की या.