न्याय्य समाज कशावरून ओळखावा?

(या चर्चेत प्रत्येक मजकुराच्या वर तो लिहिणाऱ्याचे नाव किंवा टोपणनाव आहे.)

दीर्घसूत्री

भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांच्याही आधी न्यायाचा उल्लेख येतो, आणि तो न्याय सामाजिक, आर्थिक व राजकीय असा तिहेरी आहे. तरीही 'आपला समाज न्याय्य आहे काय' असा विषय निघाला, की एक जण कायद्यांची यादी पुढे करतो, दुसरा अन्यायाच्या घटनांची, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असल्यामुळे चर्चा जागच्या जागी फिरत राहते.

डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते, की 26 जानेवारी 1950 रोजी आपण एका विसंगत जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र विषमता राहील. ती विसंगती आज कितपत उरली आहे, हे कोणत्या मापाने मोजावे? सरासरी उत्पन्न किंवा साक्षरता यांवरून समाज किती सुस्थितीत आहे हे कळते, परंतु तो न्याय्य आहे की नाही हे कळत नाही, असे मला वाटते. आपण कोणती कसोटी लावाल?

तळटीप

जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1971 मध्ये मांडलेली कसोटी बहुतेकांना ठाऊक असेल : आपण कोणत्या घरात, कोणत्या स्थितीत जन्माला येणार हे माहीत नसताना ज्या समाजरचनेला आपण संमती देऊ, ती न्याय्य. कल्पना म्हणून ती मला आजही आवडते. परंतु जिथे नव्या माणसाची ओळख आडनाव विचारून पूर्ण होते, तिथे स्वतःचा जन्म क्षणभर विसरून विचार करा, असे सांगणे म्हणजे जे साधायचे आहे तेच आधी गृहीत धरणे होय. त्यामुळे ही कसोटी आपल्याला आदर्श दाखवते, आपण त्यापासून किती दूर आहोत हे सांगत नाही.

पायरी

मी काही वर्षे वकिली केली आहे, त्यामुळे माझी कसोटी थोडी रुक्ष आहे. कायद्याने दिलेला हक्क प्रत्यक्ष पदरात पाडून घेण्यासाठी समाजातल्या सर्वांत दुर्बळ माणसाला काय किंमत मोजावी लागते, ते पाहावे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण कौतुकाने वापरतो; पण न्याय मागणे हाच मूर्खपणा ठरावा अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्याचा तो कबुलीजबाब आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

या कसोटीवर तुरुंगांकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 अखेरीस देशातल्या कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे लोक. 1979 मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधले असे कैदी उजेडात आले, की आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ ते खटल्याची वाट पाहत तुरुंगात होते. जलद सुनावणी हा अनुच्छेद 21 मधल्या जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच स्पष्ट केले. मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व त्याआधीच, 1976 मध्ये, अनुच्छेद 39-अ द्वारे संविधानात आले होते आणि पुढे 1987 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर काही अपवाद वगळता, याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर तिला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे.

कागदोपत्री उणीव फारशी नाही. अडते ते जामिनावर. न्यायालय जामीन मंजूर करते, पण जामीनदार ऐपतदार हवा, त्याचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला हवा, आणि स्थलांतरित मजुराच्या ओळखीत शेतजमीन असलेला माणूस त्या शहरात नसतो. आरोप तोच, कलम तेच, आदेशाचे शब्दही तेच. एक जण संध्याकाळी घरी जातो आणि दुसरा तुरुंगातच राहतो. या मापाने आपण उत्तीर्ण होत नाही, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

जान्हवी

'पायरी' यांची कसोटी मला मान्य आहे. मात्र किंमत मोजण्याची जागा दर वेळी न्यायालय नसते. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि वडील त्या दुरुस्तीच्या वेळी हयात नसले तरी तो हक्क टिकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. कायदा याहून स्पष्ट काय असणार? तरीही वडील गेल्यावर काही महिन्यांत बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन विनामोबदला हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत आपल्याकडे सर्रास चालते. कोणी मारहाण करत नाही, धमकी देत नाही. उलट साडीचोळी होते. सही न करणाऱ्या बहिणीला कोणी न्यायालयात खेचत नाही, फक्त तिचे माहेर तुटते, आणि हे तिला आधीच ठाऊक असते.

इथे कायदा मोडलेला नाही. दस्त नोंदवलेला आहे, संमती स्वेच्छेची आहे, साक्षीदार घरचेच आहेत. हा अन्याय कोणत्याही आकडेवारीत दिसणार नाही, कारण नोंदीनुसार तो बहिणीचा त्याग आहे.

उत्तरपक्ष

चित्र इतके एकरंगी नाही. किंमत हेच माप धरायचे, तर ती कमी झाल्याची उदाहरणेही मांडली पाहिजेत. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी जी मागणी पुढे आणली, तिच्यातून महाराष्ट्राचा 1977 चा रोजगार हमी कायदा झाला. काम मागणे ही याचना न राहता हक्क झाला आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. ज्यांची एकमेकांशी गाठही पडत नाही अशा माणसांनी परस्परांचा भार उचलावा, हे न्याय्य समाजाचेच लक्षण नव्हे काय? गटार साफ करताना मृत्यू पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना द्यायची भरपाई 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 10 लाख रुपये ठरवली होती, ती 2023 मध्ये 30 लाख झाली. वेग कमी असेल, पण दिशा बरोबर आहे.

पायरी

रोजगार हमीचे उदाहरण मला पूर्ण मान्य आहे. भरपाईचे नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर 1993 मध्ये बंदी आली, 2013 चा कायदा त्याहून व्यापक आहे, आणि सुरक्षासाधनांविना माणसाला गटारात उतरवणे हा त्याखाली गुन्हा आहे. गुन्हा घडतच राहतो आणि केवळ त्याची रक्कम वाढते, तेव्हा दिशेविषयी इतके निश्चिंत राहता येत नाही. ते काम अजूनही कोणत्या जातींच्या वाट्याला येते, हेही इथे सांगायला नको.

दीर्घसूत्री

जान्हवी, आपल्या उदाहरणापुढे मी अडलो आहे. जिथे संमतीच अन्यायाचे साधन होते, तिथे राज्यसंस्थेने नेमके काय करावे?

जान्हवी

सक्ती करू नये, पण संमती कशाला दिली जात आहे हे तरी समोर ठेवावे. हक्कसोडपत्रात सोडल्या जाणाऱ्या हिश्श्याचे बाजारमूल्य ठळकपणे लिहिणे बंधनकारक करता येईल, निबंधकाने बहिणीशी भावांच्या अनुपस्थितीत बोलावे असा नियम करता येईल, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर ठरावीक काळ असा दस्त नोंदवूच नये, असेही म्हणता येईल. यातल्या शेवटच्या सूचनेवर माझे घरातच मतभेद आहेत. माझ्या भावाच्या मते हा कुटुंबावरचा अविश्वास आहे. मी त्याला एवढेच विचारले, की तो विश्वास दर वेळी बहिणीनेच सही करून का सिद्ध करायचा. त्याचे उत्तर अजून आलेले नाही, आणि आमच्या जमिनीचा दस्तही अजून व्हायचा आहे.