रीबूटनंतर टेप एका ड्राइव्हमध्ये, बॅकअप शोधतोय दुसऱ्यात

प्रश्न:
लिनक्स सर्व्हर, फायबर चॅनलवर टेप लायब्ररी, दोन एलटीओ (टेपचा प्रकार) ड्राइव्ह, बॅकअपला बॅक्युला हे सॉफ्टवेअर. रीबूटपासून लायब्ररीचा रोबो टेप ड्राइव्ह ० मध्ये बसवतो, पण एनएसटी० (लिनक्समधलं टेप ड्राइव्हचं डिव्हाइस-नाव) उघडलं की ‘नो मीडियम फाउंड’, म्हणजे टेपच नाही. लायब्ररीच्या पॅनलवर टेप ड्राइव्हमध्येच दिसते. टेप बदलून पाहिली. ड्राइव्ह गेला समजायचं का?

उत्तर १:
ड्राइव्हला हात लावू नका, बहुतेक नावं फिरलीत. एनएसटीचे क्रमांक कर्नल वाटतो, ड्राइव्ह सापडतील त्या क्रमाने. एमटीएक्सचा (रोबो हलवणारी कमांड) ड्राइव्ह ० लायब्ररीतल्या जागेवरून ठरतो. या दोन शून्यांचं एकमेकांशी नातं नाही. आजवर जुळले तो योगायोग. (काही पॅनल तर १ पासून मोजतात.)

सगळे जॉब थांबवा. ड्राइव्ह ० मध्ये एक टेप लोड करा, दुसरा रिकामा ठेवा. टेप तयार व्हायला मिनिटभर द्या आणि एनएसटी०, एनएसटी१ दोन्हींवर ‘एमटी स्टेटस’ (ड्राइव्हची स्थिती सांगणारी कमांड) चालवा. ‘ऑनलाइन’ दिसेल तो खरा ड्राइव्ह ०. ‘डीआर ओपन’ म्हणजे रिकामा.

मग बॅक्युलाच्या कॉन्फिगमधून एनएसटी० काढूनच टाका. ‘/डेव्ह/टेप/बाय-आयडी’ मध्ये ड्राइव्हच्या कायमच्या ओळखीवरून बनलेल्या लिंक असतात, त्या रीबूटने बदलत नाहीत. योग्य लिंक ‘अर्काइव्ह डिव्हाइस’ मध्ये द्या, ‘ड्राइव्ह इंडेक्स’ ० ठेवा, स्टोरेज डेमन (बॅक्युलाचा ड्राइव्ह सांभाळणारा भाग) रीस्टार्ट करा. रोबोच्या डिव्हाइस-नावातला एसजी क्रमांकही असाच सरकतो. ‘एलएसएससीएसआय -जी’ (जोडलेल्या डिव्हाइसची यादी देणारी कमांड) मध्ये ‘मीडियमएक्स’ची, म्हणजे रोबोची ओळ बघा.

उत्तर २:
लिंक निवडताना शेवटी ‘-एनएसटी’ आहे ना, ते पाहा. नुसतं एसटी घेतलं तर डिव्हाइस बंद होताच टेप गुंडाळून सुरुवातीला येते आणि पुढचं लिखाण आधीच्या बॅकअपवर चढतं. एररही येत नाही, कळतं ते रिस्टोअरच्या वेळी.

दोन ड्राइव्ह असून चार एनएसटी दिसत असतील तर झोनिंग (फायबर चॅनल स्विचवर कोणाला कोण दिसेल ते ठरवणारी मांडणी) तपासा. बहुतेक एकच ड्राइव्ह दोन एचबीए (सर्व्हरचं फायबर चॅनल कार्ड) पोर्टमधून दिसतोय.

उत्तर ३:
सोलारिसवर (युनिक्सचा एक प्रकार) हेच दुखणं ‘/डेव्ह/आरएमटी’ मध्ये होतं. ड्राइव्ह बदलला की जुनी लिंक तशीच राहते आणि नव्याला पुढचा क्रमांक मिळतो. ‘डेव्हएफएसएडीएम -सी’ (कॅपिटल सी) मेलेल्या लिंक काढतं. तिथे नावाच्या शेवटचा ‘एन’ म्हणजे नो-रिवाइंड.

प्रश्नकर्ता:
अदलाबदलच होती. ‘ऑनलाइन’ एनएसटी१ वर आलं. बाय-आयडी टाकल्यावर लेबल वाचलं गेलं, दुसऱ्या ड्राइव्हचीही लिंक बदलली.