काटा, शहारा, रोमांच : कुठे कोणता?

प्रश्न : कविता ऐकून 'अंगावर काटा आला' आणि 'शहारे आले', दोन्ही चालतं ना?

– चालतं, पण एकच नाही. काटा दिसतो, शहारा सरसरत जातो. 'शहारणे' हे क्रियापद आहे, काट्याला तसं नाही. शिवाय काटा एकवचनीच. 'अंगावर काटे आले' म्हटलं की निवडुंग आठवतो. शिरशिरी गारठ्याची, ताप चढण्याआधीची. ती कवितेला कशाला?

– रोमांचाचं सांगतो. 'रोमांचक सहल' वगैरेंनी तो पार गुळगुळीत केलाय. मुळात रोम उभे राहणं एवढंच. भीतीने की आनंदाने, हे शब्द ठरवत नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला 'रोमहर्ष' होतो तो विषादाने. अठराव्यात संजय त्याच कृष्णार्जुनसंवादाला 'अद्भुतं रोमहर्षणम्' म्हणतो. हृष् धातूत केस ताठ होणं आणि हर्ष, दोन्ही आहेत. 'पुलकित' मात्र आनंदाकडेच झुकलेला. भुताच्या गोष्टीने कोणी पुलकित होत नाही.

– नाट्यशास्त्रात रोमांच हा आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे मनातली भावना अंगावर उमटते त्या खुणांपैकी, एक. कारणं दिली आहेत स्पर्श, भय, थंडी, हर्ष, क्रोध आणि रोग. केसांच्या मुळाशी असलेले स्नायू सहसा इच्छेने हलत नाहीत आणि हलले तरी मागच्या रांगेला काय दिसणार? म्हणून नाट्यशास्त्रकार भरत नटाला गात्रस्पर्श सुचवतो, स्वतःच्या अंगाला हात लावणं. दंडावरून तळवा सावकाश फिरवला तरी पुरतं. नवखे नट सगळं अंग थरथरवतात. तो वेपथू, वेगळा भाव.

– लिहिणाऱ्यांसाठी : 'तिच्या तळहातावर काटा आला' लिहू नका, तिथे केसच नसतात. आणि वाचकाला काटा यावा असं वाटत असेल, तर तो शब्दच गाळून बघा. 'खोलीतला आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा आला' यात काटा फक्त त्याला येतो. 'कुलूप बाहेरून होतं. आतून कुणीतरी खोकलं.' इथे वाचकाला येण्याची शक्यता आहे. मोठ्याने वाचताना दोन वाक्यांच्या मध्ये एक श्वास थांबा आणि दुसरं वाक्य आवाज न चढवता म्हणा. पहिल्यापासूनच कापरा आवाज लावला की पुढे बदलायला काही उरत नाही, आणि काटा बहुधा अचानक बदललेल्या सुरालाच येतो.

प्रश्न : आणि 'रोमांच उभा राहिला' की 'उभे राहिले'?

– उभे राहिले. एकच केस ताठ झाला असेल तर गोष्ट वेगळी.