घरून कामाचा खर्च आणि वेळ कायद्याने ठरवावा का?

रंकाळाकाठ (धागाकर्ता):
पुण्यातील कंपन्यांचे काम कोल्हापुरात घरी बसून करणारे आता गल्लोगल्ली दिसतात. खोली त्यांची, वीज त्यांची, इंटरनेटचे बिलही त्यांचेच, आणि रात्री साडेदहाला साहेबांचा फोन आला तर तोही घ्यावाच लागतो. पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदा करून घरून कामाचा वाढीव खर्च मालकावर टाकला. आपल्याकडे मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आली खरी, पण तिच्या अटी मालकाशी परस्पर संमतीनेच ठरवायच्या, म्हणजे प्रत्यक्षात मालकाच्या मर्जीनेच. खर्च कोणी द्यायचा आणि फोन किती वाजेपर्यंत घ्यायचा, हे तरी नियुक्तिपत्रात लिहिण्याची सक्ती सरकारने करावी, असे माझे मत आहे.

शिरोलीकर:
मी लहान फौंड्री चालवतो. भट्टीसमोर उभा राहणारा माणूस रोज स्वतःचे पेट्रोल जाळून येतो, त्याचा खर्च कोणी विचारत नाही. मग ज्याचे पुण्यातील घरभाडे वाचते, त्याच्यासाठी आधी कायदा का? शिवाय सक्ती वाढली की कंपन्या लोकांना कार्यालयात परत बोलावतील आणि इथल्या मुलांना पुन्हा पुण्याची गाडी धरावी लागेल.

गारगोटीची:
आपण दोघेही शहरातील माणसाबद्दल बोलत आहात. मी भुदरगडातील एका खेड्यातून हिशेबाचे काम करते. गेल्या पावसाळ्यात झाड पडून तारा तुटल्या, इन्व्हर्टर दुपारीच संपला, म्हणून सलग दोन दिवस एसटीने गारगोटीला जाऊन मामांच्या दुकानात बसून काम पुरे केले, तरी ते दोन्ही दिवस बिनपगारी धरले गेले. बिलाचे पैसे मिळाले तर हवेच आहेत. पण भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची, जोडणी पोचलेल्या ग्रामपंचायतीत बॅटरीसह एक खोली मिळाली, तर मला त्याहून अधिक उपयोग होईल. घरात शांत कोपरा असतो, हे गृहीतकच मुळात पुरुषांचे आहे.

शिरोलीकर:
खोलीला माझा विरोध नाही, पण वर्षभरात बॅटरी गायब होते आणि किल्ली सरपंचांच्या घरी राहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती चालवणार कोण?

रंकाळाकाठ:
ही हरकत रास्त आहे. बचत गटाला शुल्क घेऊन खोली चालवू द्यावी, असे मला वाटते. मात्र बिनपगारी दिवसांचा मुद्दा माझ्या मूळ मागणीत सुटला होता. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, हे आपणांस सांगायला नको. नैसर्गिक आपत्तीमुळे काम देता आले नाही, तर पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी ले-ऑफ (तात्पुरत्या कामबंदीची) भरपाई द्यावी लागते. मग तारा तुटलेल्या गावातील हिशेबनीस बाईला शून्य का?

शिरोलीकर:
माझ्याकडे बावीस माणसे आहेत, म्हणजे ते कलम मला लागू नाही, तरी पुरात मी निम्मा पगार दिला होता. एवढ्यापुरता आपल्याशी सहमत आहे; वीजबिलाबाबत नाही.